लाल दिव्याचा ब्रश: आठ महिने वापरून

हा इलेक्ट्रिक ब्रश मी फेब्रुवारीत घेतला. साडेतीन हजारांच्या थोडा आतच पडला. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. असे ब्रश तीन-चार कंपन्या बनवतात, आणि मला सांगायचंय ते त्यातल्या एकाच सोयीबद्दल. ती ज्यात असेल तो घ्या. दातावर जास्त जोर पडला की या ब्रशावर लाल दिवा लागतो, ती ही सोय.

पण एका दिव्यासाठी मी एवढे पैसे का मोजले, हे कळायला आधी माझ्या दातांची हकीकत सांगावी लागेल.

मी पांढरकवड्याजवळच्या एका गावची. उन्हाळ्यात विहिरी आटायच्या आणि अख्खं गाव हापशीवर यायचं. पाणी थंडगार, बाराही महिने येणारं. पाहुणेसुद्धा कौतुक करून प्यायचे. त्या पाण्यात फ्लोराईड जास्त होतं, हे आम्हाला फार उशिरा कळलं. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराईड असलं तर हरकत नाही, दुसरी सोयच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. त्याहून जास्त असलं तर लहान मुलांचे कायमचे दात हिरडीच्या आत तयार होत असतानाच बिघडायला लागतात. वरून काहीच दिसत नाही. दुधाचे दात पडून नवे आले की मग दिसतं. माझे आले तेच खडूने रेघा मारल्यासारखे, आणि पुढे त्या रेघांचा रंग तपकिरी होत गेला. समोरच्या वरच्या दोन दातांवर आडवा पट्टा आहे, विझलेली आगकाडी ओढावी तसा.

गावात कोणाला काही वाटायचं नाही, कारण वर्गातल्या निम्म्या पोरींचे दात तसेच होते. घरात मात्र आजी रोज न्हाणीच्या दारात उभी राहून सांगायची, "जोर लाव नं वं जरासा, निंगते थे." गोवरीची राखुंडी झाली, कोळसा झाला, विटकरीचा भुगा झाला. अकरावीला यवतमाळच्या वसतिगृहात आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात एकीने सगळ्यांसमोर विचारलं, "तू दात घासत नाहीस का गं?" त्या दिवसापासून मी दुकानात "सगळ्यात कडक ब्रश द्या" असं मागून ब्रश घेत आले. रोज सकाळी दहा-पंधरा मिनिटं, आडवा, करवतीसारखा. मधूनच मीठ आणि लिंबू. महिन्याभरात ब्रशाचे केस झाडूसारखे फाकायचे आणि मला वाटायचं, आज चांगले घासले गेले. असं तीस वर्षं केलं.

डाग तसूभरही हलला नाही. हिरड्या मात्र वर सरकत गेल्या.

गेल्या वर्षी डिसेंबरात माठातलं पाणी प्यायले आणि डाव्या बाजूला अशी कळ गेली की हातातला पेला सुटला. नागपूरच्या सरकारी दंत महाविद्यालयात गेले. केसपेपर, रांग, मग एका इंटर्न मुलीसमोरची खुर्ची. तिने हातात आरसा दिला आणि पातळ टोकाची सळई एका दाताच्या मुळाशी टेकवून म्हणाली, "काकू, इथे बघा." हिरडी जिथे दाताला भेटते तिथे खाच पडली होती, कुऱ्हाडीचा पहिला घाव झाडाला बसतो तशी. एक नाही, सात दातांना. उजव्या हाताने घासणाऱ्या माणसाच्या खाचा बहुतेक वेळा डाव्या बाजूला जास्त असतात, असं ती म्हणाली. माझ्या सातांतल्या पाच डावीकडेच होत्या.

मी लगेच सांगून टाकलं, "डॉक्टर, मी खूप घासते हो, तरी हे पिवळं जात नाही."

ती म्हणाली, "काकू, तुमचे दात मळलेले नाहीत. हा डाग बाहेरून लागलेला नाहीच, दात तयार झाला तोच असा. घासून तो कधीच जाणार नव्हता."

हे वाक्य मला सोळाव्या वर्षी कोणीतरी सांगायला हवं होतं. खुर्चीत पडल्या पडल्या माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. त्या मुलीला वाटलं सळईने दुखलं, तिने घाईघाईने सळई बाजूला ठेवली.

खाचा त्यांनी दातांच्या रंगाच्या मसाल्याने भरून दिल्या. गेलेली हिरडी परत येत नाही, असं स्पष्ट सांगितलं. आहे ती राखायची, म्हणजे मऊ ब्रश, हिरडीकडे तिरका धरून, जागच्या जागी हलका हलवायचा. जोर किती? साधारण दीडशे-दोनशे ग्रॅम.

ग्रॅम म्हटल्यावर मला समजलं, कारण मी टपाल खात्यात आहे, दिवसभर काउंटरवर वजनच करते. दुसऱ्या दिवशी काउंटर बंद झाल्यावर दुकानातून आणलेला नवा कोरा ब्रश पार्सलच्या काट्यावर टेकवला आणि डोळे मिटून रोजच्यासारखा दाबला. शेजारच्या काउंटरवरचा सहकारी वाचून म्हणाला, "ताई, सहाशे दहा." पुन्हा केलं. पाचशे ऐंशी. मग आकड्याकडे बघत दीडशेवर आणला, तर हातात काही धरलंय असंच वाटेना. ब्रश नुसता टेकलेला. स्पीड पोस्टाच्या दराचा पहिला टप्पा ५० ग्रॅमपर्यंतचा असतो. तशी तीन भरलेली पाकिटं एकावर एक ठेवली की जेवढा भार होईल, तेवढाच दाताला पुरतो. मी तिथे अर्धा किलोहून जास्त भार रेटत होते, रोज, तीस वर्षं.

काटा घरी नेता येत नाही आणि जुनी सवय आपल्या नकळत हातात येते. मऊ ब्रश आणूनही चौथ्या दिवशी केस फाकले. पुढच्या तपासणीला तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, ज्यांचा हात ऐकत नाही त्यांनी जोर ओळखणारा ब्रश घेतला तर फायदा होतो. मऊ साधा ब्रश नीट वापरला तर तोही पुरतो, हेही त्यांनी आवर्जून सांगितलं. माझा हात ऐकत नव्हता, म्हणून घेतला.

आता ब्रशाबद्दल. याचं डोकं छोटं, गोल, एक रुपयाच्या नाण्याहूनही लहान. ते थोडं इकडे, थोडं तिकडे असं भराभर फिरतं. आपण घासायचं नाही. एका दातावर टेकवायचं, दोन-तीन सेकंद थांबायचं, पुढच्या दातावर जायचं. दर ३० सेकंदांनी तो क्षणभर अडखळतो, म्हणजे तोंडाचा एक कोपरा झाला, दुसरीकडे जा. असे चार कोपरे, दोन मिनिटं. तोंडात घालायच्या आधी सुरू करू नका, पेस्टचे शिंतोडे आरशापासून टॉवेलपर्यंत उडतात. आधी दातावर टेकवायचा, मग बटण.

पहिल्या सकाळी दिवा दोन मिनिटांतला बहुतेक वेळ लालच होता. मी हलकाच धरलाय अशी माझी खात्री होती, आणि आरशात गालाजवळ लाल उजेड दिसत होता. तीन बोटांच्या चिमटीत धरायला लागले तेव्हा कुठे तो विझला. मूठ आवळली की परत लागायचा. डावीकडच्या वरच्या दाढांशी गेलं की हमखास लागायचा, म्हणजे खाचा जिथे होत्या नेमक्या तिथेच. पहिले आठ दिवस हिरड्यांतून थोडं रक्त आलं आणि मी घाबरले. विचारलं तर उत्तर मिळालं की इतकी वर्षं हिरडीच्या कडेचा थर निघतच नव्हता, मी सगळा जोर दातांच्या फुगीर भागावर काढत होते. कडेची स्वच्छता होऊ लागली की सूज उतरते आणि रक्त थांबतं. दहाव्या-बाराव्या दिवशी थांबलं. तिसरा आठवडा संपताना दिवा एका वेळेला एखाददुसऱ्यांदाच लागत होता. आता दिवस दिवस लागत नाही. रात्री थकून आले, मनात कोणावर राग असला, तर लागतो.

आठ महिन्यांत माठाचं पाणी पुन्हा डावीकडून पिता येतंय. खाचा भरल्या याचा त्यात मोठा वाटा आहे, सगळं श्रेय ब्रशाला देणं बरोबर नाही. पण भरलेला मसाला टिकून आहे आणि नवी खाच पडलेली नाही, हे सप्टेंबरच्या तपासणीत बघितलं गेलंय.

दुसरं जे बदललं त्याला एक पैसाही लागला नाही. ते म्हणजे वेळ. आमच्याकडे तोंड धुतल्याशिवाय चहा नाही, हा नियम कडक. रात्री मात्र जेवलं, चूळ भरली, झोपलं. मी जन्मात कधी रात्री दात घासले नव्हते. दवाखान्यात मला सांगितलं की दिवसातून एकदाच घासणार असाल तर ते रात्री घासा. झोपेत तोंडातली लाळ खूप कमी होते. दिवसभर तीच लाळ दात धूत असते, आम्ल मारत असते. दाताला चिकटलेली पोळी-भात आणि वरचा गोडाचा तुकडा रात्रभर तसाच राहिला, तर जंतूंना सात-आठ तास मोकळं रान मिळतं. आता रात्रीच्या जेवणानंतर काही खायचं नाही असं ठरवलंय, शेवटचं काम ब्रश, आणि त्यानंतर फक्त पाणी.

सकाळी चहाच्या आधी घासते ते तसंच चालू ठेवलंय, ते योग्यच आहे. नाश्त्यानंतर घासायची सवय असेल तर निदान अर्धा तास थांबा. आंबट खाल्लं की दाताचं वरचं कवच थोडा वेळ नरम पडतं, लाळ ते हळूहळू पूर्ववत करते. त्या अर्ध्या तासात ब्रश फिरवला तर नरम झालेलं खरवडलं जातं. हे मला सगळ्यात जास्त लागू होतं, कारण मी नागपूरची झाले. आंबिया बहाराची संत्री ऑक्टोबरपासून बाजारात येतात, मग फेब्रुवारी-मार्चात मृगाची. हंगामात आमच्याकडे रात्रीच्या जेवणानंतर ताटभर संत्री सोलली जातात. आणि आंबट लागलं म्हणून मी उठून लगेच मीठ लावून दात घासायचे! आता संत्री दुपारच्या सुट्टीत, ऑफिसातच. वर घोटभर पाणी.

आणखी एक. पेस्ट थुंकायची, पण मग चुळांवर चुळा भरायच्या नाहीत. दातावर थोडी राहिली तर तिचं काम चालू राहतं. मला पहिले चार दिवस तोंड धुतल्यासारखंच वाटलं नाही. आता सवय झाली.

इथे गावच्या माणसांचा एक प्रश्न हमखास येतो, आणि तो अगदी रास्त आहे. माझ्या भावानेच विचारला. "फ्लोराईडनंच आपले दात गेले, आन् तू फ्लोराईडचीच पेस्ट लावतं?" मलाही तीच भीती होती, त्यापायी मी कित्येक वर्षं लवंगेचं मंजन वापरत होते. फरक असा आहे. डाग पडले ते लहानपणी पोटात गेलेल्या फ्लोराईडमुळे, दात हिरडीच्या आत घडत होते तेव्हा, म्हणजे साधारण आठव्या वर्षापर्यंत. समोरचे दात एकदा घडून बाहेर आले की त्यांच्यावर नवा डाग तसा पडत नाही. बाहेरून लावलेलं थोडं फ्लोराईड उलट कवच घट्ट करतं, आणि हिरडी सरकून उघड्या पडलेल्या मुळांना तर त्याची गरजच असते. ते गिळायचं नाही, थुंकायचं. आपल्याकडे पेस्टमध्ये जास्तीत जास्त १००० पीपीएम (म्हणजे दहा लाख भागांत हजार भाग) फ्लोराईडची मर्यादा आहे आणि ट्यूबवर आकडा छापलेला असतो, तो वाचा. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी, आणि थुंकतंय की नाही हे मोठ्या माणसाने शेजारी उभं राहून बघायचं. जाहिरातीत ब्रशभर लांब पट्टी दाखवतात तेवढी मोठ्यांनाही लागत नाही.

खरी काळजी पाण्याची घ्यायला हवी. पाणी उकळून फ्लोराईड जात नाही, हे भावाला मी तीनदा सांगितलंय. तुरटी आणि चुना वापरून ते काढायची नालगोंडा पद्धत आमच्या नागपूरच्याच नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने शोधून काढली. घरात आरओ असेल तर त्यानेही जातं. गावात आता नळाचं पाणी आलंय आणि ती जुनी हापशी बंद आहे. पण नळाला आठवडाभर पाणी आलं नाही की लोक शेतातल्या बोअरवर जातात, आणि त्या बोअरचं पाणी कोणी तपासलेलं नसतं.

आता ब्रशाच्या तक्रारी, कारण त्या आहेत.

डोकं दर तीन महिन्यांनी बदलावं लागतं आणि एक डोकं तीनशेच्या आसपास पडतं. वर्षाला बाराशे रुपये झाले, हे विकत घेताना कोणी सांगत नाही. आमच्या भागातल्या औषधांच्या दुकानांत ती मिळत नाहीत. मी एकदा ऑनलाइन स्वस्तातली चारची जोडी मागवली, त्यातलं पहिलंच डोकं तीन आठवड्यांत फाकलं. दिवा तर लागत नव्हता, म्हणजे दोष माझ्या हाताचा नव्हता. केसांची टोकं भिंगाखाली बघितली तर अस्सल डोक्याची गोलसर, याची कापलेल्या तारेसारखी. तशी टोकं हिरडीवर फिरवायची म्हणजे पुन्हा विटकरीचा भुगाच. उरलेली तीन टाकून दिली. डोकी अस्सल घ्यायची ऐपत नसेल तर हा ब्रशच घेऊ नका, असं मी स्पष्ट सांगेन.

डोकं आणि दांडा जिथे जुळतात तिथे पेस्टचं पाणी झिरपून काळपट राप बसतो. आठवड्यातून दोनदा डोकं काढून दोन्ही भाग नळाखाली धुवावे लागतात. माहितीपत्रकात हे बारीक अक्षरांत आहे, मला मात्र दुसऱ्या महिन्यात वास आला तेव्हा समजलं. चार्जिंग दहा-अकरा दिवस पुरतं, तक्रार नाही. चार्जरचा खांब मात्र पाचव्या महिन्यात बंद पडला. हमी होती, बदलून मिळाला, पण १९ दिवस गेले आणि फोनवर चार वेळा तीच हकीकत सांगावी लागली. ते १९ दिवस मी साध्या मऊ ब्रशाने काढले, तेही चिमटीत धरून, आणि केस फाकले नाहीत. मला त्या दिवसांचं फार समाधान वाटतं. आवाज म्हणाल तर शिवणयंत्रासारखा आहे, पहाटे पाचला घरातलं माणूस जागं होतं.

ॲपशी जोडायचे महागडे ब्रशही बघितले. सात-आठ हजार. तोंडाचा नकाशा मोबाईलवर दिसतो म्हणे. मला त्याची गरज वाटली नाही. जोराचा दिवा, दोन मिनिटांचं घड्याळ, ३० सेकंदांचा इशारा आणि मऊ केसांची डोकी, एवढं असलं की झालं. जोराचा दिवा नसलेला हजार-बाराशेचा इलेक्ट्रिक ब्रश मात्र माझ्यासारख्या रेटून घासणाऱ्याने घेऊ नये. त्यापेक्षा चाळीस रुपयांचा मऊ ब्रश आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा बरा. काट्यावर ब्रश टेकवून दीडशेचा अंदाज हाताला द्या, महिन्यातून एकदा पुन्हा बघा. ज्यांच्या बोटांना संधिवात आहे, हात थरथरतो, किंवा जे कोणा आजारी माणसाचे दात घासून देतात, त्यांनी हा ब्रश जरूर बघावा. दांडा जाड आहे, हातात नीट बसतो.

माझ्या बहिणीची मुलगी अकरा वर्षांची आहे, गावातच असते. तिच्या वरच्या दातांवर माझ्यासारखाच पट्टा उमटतोय. उन्हाळ्यात गेले तेव्हा ती मोरीवर बसून कडक ब्रशाने घासत होती, मान हलेपर्यंत. मी तिचा हात धरला. तिच्यासाठी हा महागडा ब्रश नाही घेतला, गावात डोकी कुठून आणणार? मऊ ब्रश दिले, सहा. आजीच्या किराण्याच्या काट्यावर आम्ही दोघी अर्धा तास ब्रश टेकवत बसलो. पहिला आकडा चारशे दहा आला.

मग तिने विचारलं, "मावशी, मग हे डाग असेच राहणार?"

तसं नाही. हलके डाग दातांचा अगदी वरचा पातळ थर काढून फिके करता येतात, गडद असतील तर मोठेपणी दातावर पातळ आवरण बसवतात. हे डॉक्टरने करायचं, राखुंडीने नाही. तिला कुठलं चालेल आणि आत्ता की काही वर्षांनी, ते तपासूनच ठरेल. दिवाळीच्या सुट्टीत तिला नागपूरला आणणार आहे. केसपेपरसाठी सकाळी लवकर रांगेत उभं राहावं लागतं, म्हणून आदल्या रात्रीच मुक्कामाला ये असं बहिणीला कळवलंय.